डोस कमी करताना गोळीची कंपनी बदलली तर

"सेम कंटेंट आहे ताई, फक्त कंपनी वेगळी. तुमच्यावाल्या कंपनीचा माल होलसेललाच शॉर्ट आहे."

मुलुंडला आमच्या गल्लीतल्या मेडिकलवाल्याने हे सांगितलं तेव्हा बाहेर पाऊस कोसळत होता आणि घरी माझ्या दोनच गोळ्या उरल्या होत्या. मी ती स्ट्रिप पिशवीत टाकली आणि निघाले. एस्सिटालोप्राम या नैराश्य-चिंतेवरच्या गोळीच्या १० मिलिग्रॅमवरून ७.५ वर येऊन मला सहा आठवडे झाले होते, तब्येत छान होती, आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे त्याच सोमवारी मी ५ वर आले होते. शुक्रवारी सकाळच्या लोकलमध्ये कुर्ल्याच्या आसपास मान वळवली आणि डोक्यात करंट लागल्यासारखा झटका बसला. पुन्हा वळवली, पुन्हा बसला. दुपारी ऑफिसात कुणीतरी पंखा बंद केला, एवढ्यावरून मला रडू आलं. संध्याकाळपर्यंत माझी खात्री झाली होती की जुना आजार परत आला.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "स्ट्रिप दाखवा." स्ट्रिप मी फेकून दिली होती. डोस कमी केल्याचा त्रास होता की कंपनी बदलल्याचा, हे मला आजही सांगता येत नाही, कारण दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात झाल्या. त्या दिवसापासून मी एक नियम पाळते, आणि हा सगळा लेख त्यासाठीच लिहिते आहे: गोळ्या कमी करत असताना कंपनी बदलणं हाही डोस बदलणंच समजायचं. आणि एका वेळी एकच बदल करायचा.

मी डॉक्टर नाही. नैराश्य, चिंता, झोप यांसाठीच्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहिते आहे. यातलं काहीही वाचून गोळी एकदम बंद करू नका. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम यांसारख्या गोळ्या तर मुळीच नाही. त्या अचानक थांबवल्या तर फिट येऊ शकते.

कंपनी बदलली की नेमकं काय बदलतं

मेडिकलवाला खोटं बोलत नव्हता. मूळ औषध तेच असतं. पण गोळीत औषधापेक्षा इतर माल जास्त असतो: भरणीची पावडर, बांधून ठेवणारा पदार्थ, पोटात गेल्यावर गोळी फुटावी म्हणून घातलेला घटक, वरचं कोटिंग, रंग. हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं आणि गोळी किती लवकर विरघळते हे बरंचसं त्यावर ठरतं.

दोन कंपन्यांच्या गोळ्या "सारख्या" ठरवण्याची एक पद्धत आहे. निरोगी माणसांना दोन्ही देऊन रक्तात औषध किती आणि किती वेगाने पोचलं ते मोजतात, आणि त्यांच्या गुणोत्तराचा विश्वासार्ह पट्टा (खरं गुणोत्तर ज्या दोन आकड्यांच्या मध्ये असण्याची बरीच खात्री असते तो) ८० ते १२५ टक्क्यांच्या आत बसावा लागतो. याचा अर्थ नव्या गोळीत २० टक्के औषध कमी असतं असा बरेच जण लावतात. तो चुकीचा आहे. सरासरी नव्हे तर अख्खा पट्टा त्या मर्यादेत बसवायचा असल्याने प्रत्यक्षातला सरासरी फरक खूपच कमी निघतो. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने दोन हजारांहून अधिक चाचण्या तपासल्या तेव्हा तो ४ टक्क्यांच्या आसपास होता. बहुतेक लोकांना बहुतेक वेळा कंपनी बदलल्याचं कळतही नाही, ते यामुळेच. जेनेरिक औषध म्हणजे दुय्यम औषध, असं माझं अजिबात म्हणणं नाही.

तरीही डोस कमी करणाऱ्याने सावध राहायला हवं. त्याचं एक कारण असं, की तुलना मूळ औषधाशी होते. 'अ' कंपनीची गोळी 'ब' कंपनीच्या गोळीशी कुणी ताडून पाहिलेली नसते, आणि आपण मात्र 'अ' वरून 'ब' वर जातो. आपल्याकडे २०१७ मध्ये नियम बदलला आणि पाण्यात नीट न विरघळणाऱ्या औषधांच्या गटांना उत्पादन परवान्यासाठी ही चाचणी सक्तीची झाली. त्याआधीपासून बाजारात असलेले ब्रँड भरपूर आहेत. क्वचित चाचणीचे आडाखेही चुकतात. २०१२ मध्ये एफडीएने बुप्रोपिऑन या नैराश्यावरच्या औषधाची ३०० मिलिग्रॅमची एक दीर्घकाळ विरघळणारी जेनेरिक गोळी मूळ औषधाच्या तोडीची नाही असं जाहीर केलं. लोक कित्येक वर्षं तक्रारी करत होते.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मार्क होरोविट्झ आणि डेव्हिड टेलर या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवून दिलं, की नैराश्यावरच्या अशा औषधांचा मेंदूवरचा परिणाम डोसच्या सरळ प्रमाणात नसतो. वरच्या डोसला ५ मिलिग्रॅम कमी केले तर फारसं जाणवत नाही, आणि शेवटच्या ५ मिलिग्रॅममध्ये उतार एकदम तीव्र होतो. म्हणजे पूर्ण डोसवर असताना खपून गेलेला छोटासा फरक, खाली आल्यावर अंगावर येऊ शकतो. तुम्ही जितके शेवटाकडे, तितकी स्ट्रिपवर नजर जास्त हवी.

काउंटरवर, पैसे देण्याआधी

स्ट्रिप उलटी करा आणि दिव्याखाली धरून वाचा. ब्रँडचं नाव ओळखीचं दिसलं म्हणून थांबू नका. आपल्याकडे औषध विकणारी कंपनी एक आणि बनवणारी दुसरी, हे अगदी सर्रास चालतं. बारीक अक्षरात बनवणाऱ्याचं नाव, पत्ता आणि उत्पादन परवाना क्रमांक असतो. तोच ब्रँड, तोच रंग, पण आधी हिमाचलमधल्या कारखान्यातला आणि आता सिक्कीममधला, असं होतं. आपल्यापुरता तोही कंपनी बदलच. ऑगस्ट २०२३ पासून खपाच्या ३०० ब्रँडवर क्यूआर कोड बंधनकारक आहे. तुमच्या गोळीवर असेल तर मोबाइलने स्कॅन करा, बनवणारा आणि बॅच क्रमांक त्यात मिळतो.

मग नावामागची अक्षरं बघा. एसआर, सीआर, एक्सआर, ओडी म्हणजे सावकाश विरघळणारी गोळी. साध्या गोळीच्या जागी ही आली तर ती "सेम कंटेंट" नव्हे. आणि "प्लस" किंवा तसलं एखादं शेपूट असेल तर दुप्पट सावध व्हा. आपल्या बाजारात एस्सिटालोप्रामबरोबर क्लोनाझेपाम किंवा एटिझोलाम घातलेल्या जोडगोळ्या खूप आहेत. घाईत "प्लस"वाली स्ट्रिप हातात पडली तर एक औषध सोडता सोडता दुसऱ्याची सवय लागेल. एस्सिटालोप्राम आणि सिटालोप्राम ही दोन वेगळी औषधं आहेत, नुसत्या एका अक्षराने फसायला होतं.

केमिस्टला एक गोष्ट शांतपणे सांगता येते. औषध नियमांतला ६५ (११ए) हा पोटनियम म्हणतो, की शेड्युल एचमधल्या (डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायच्या) औषधाची चिठ्ठी असेल तर तिच्यावर लिहिलेल्याऐवजी दुसरं औषध देता येत नाही, घटक तोच असला तरीही. डॉक्टरांची संमती लागते. पण हा नियम भांडायला वापरू नका. पावसात नऊ वाजता दुकान बंद करायच्या घाईत असलेला माणूस आपल्याला रिकाम्या हाती पाठवायचं नाही म्हणूनच दुसरी कंपनी काढून देतो. "मी डोस कमी करते आहे, म्हणून मला हीच कंपनी लागते, दोन दिवस थांबेन" असं सांगितलं की बहुतेक जण समजून घेतात. माझ्या मेडिकलवाल्याला गोळ्या सोडताना असा त्रास होतो हेच ठाऊक नव्हतं. आता तो स्वतःहून स्ट्रिप उलटी करून दाखवतो.

बदल टळलाच नाही तर

कधी कंपनी ते उत्पादनच बंद करते. पालिकेच्या रुग्णालयात औषधं निविदेने घेतली जातात, त्यामुळे केईएम, नायर, सायनच्या खिडकीवर दर काही महिन्यांनी वेगळी स्ट्रिप मिळणं साहजिक आहे. जन औषधी केंद्रातही खरेदी निविदेनेच होते. तिथली औषधं स्वस्त असतात आणि मी ती आनंदाने घेते. फक्त बनवणाऱ्याचं नाव दर वेळी वाचते.

बदल करावाच लागला तर पहिलं काम म्हणजे डोस कमी करणं थांबवा. कॅलेंडरवर पुढची घट लिहिली असेल तर खोडा. आहे त्याच डोसवर नवी कंपनी सुरू करा आणि किमान दोन, शक्यतो चार आठवडे तिथेच थांबा. हा आकडा हवेतून आलेला नाही. एखादं औषध रक्तात स्थिरावायला त्याच्या अर्धायुष्याच्या (रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणाऱ्या वेळाच्या) साधारण पाचपट वेळ लागतो. एस्सिटालोप्रामचं अर्धायुष्य सुमारे ३० तास, म्हणजे स्थिरावायला आठवडा. त्यानंतर शरीराने जुळवून घ्यायला आणखी काही दिवस. व्हेन्लाफॅक्सिनचं अर्धायुष्य काही तासांचंच असल्याने फरक असेल तर एकदोन दिवसांत कळतो. फ्लुओक्सेटिन मात्र शरीरात आठवडेच्या आठवडे रेंगाळतं. त्यात पहिला आठवडा बरा गेला म्हणून निर्धास्त होऊ नका.

जुन्या गोळ्या थोड्या शिल्लक असतील तर डॉक्टरांना विचारून सांधा जोडता येतो. पुढच्या वेळी मी ७.५ वर परत जाऊन स्थिर झाल्यावर कंपनी बदलली तेव्हा डॉक्टरांनी आठवडाभर जुन्या कंपनीची ५ ची एक आणि नव्या कंपनीची अर्धी घ्यायला सांगितलं, मग सगळं नवीन. म्हणूनच स्ट्रिपच्या शेवटच्या गोळीपर्यंत वाट पाहायची नाही.

आणि एक वही ठेवा. माझ्या वहीत रोज एकच ओळ असते: तारीख, कंपनी आणि बॅच, डोस, किती वाजता घेतली, झोप किती तास, आणि त्रास शून्य ते दहा. पाळीचे दिवस, सर्दीतापाची दुसरी औषधं, उपवास, रात्रीची जागरणं हेही लिहा, नाहीतर त्यांचा दोष गोळीच्या माथी जातो. नवा रंग, नवा आकार बघून मनात भीती बसली की तेवढ्यानेही अंगाला जाणवतं. हे खोटं नसतं, खरंच जाणवतं. वहीमुळे दोन्ही शक्यता डॉक्टरांसमोर मांडता येतात. कारण कुठलंही असो, त्या आठवड्यात करायचं एकच, थांबायचं.

नव्या गोळीचा परिणाम कधी थोडा जास्तही होतो. मळमळ, अस्वस्थपणा, पेंग वाढली तर तेही लिहा. अंगावर पुरळ आलं, ओठ सुजले, श्वास लागला तर ती ॲलर्जी असू शकते, मग वहीत लिहीत बसू नका, तडक दवाखान्यात जा.

अर्ध्या गोळ्या, काटा आणि दाणे

सगळ्यात मोठे घोटाळे इथे होतात.

माझा आतेभाऊ १० मिलिग्रॅमच्या गोळीची पूड करून, दागिने तोलायच्या छोट्या काट्यावर मोजून डोस कमी करत होता, डॉक्टरांना सांगून. काटा झवेरी बाजारातून आणलेला, एक मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा. त्याच्या घरी मी ते पाहिलं आहे. आधी पंखा बंद, खिडकी बंद, कारण वाऱ्याने आकडा थरथरतो. बटर पेपरचा चौकोन ठेवून काटा शून्यावर आणायचा, मग पोस्टकार्डाच्या कोपऱ्याने पूड चिमूट चिमूट सरकवायची. त्याची जुनी गोळी १२५ मिलिग्रॅम वजनाची होती. त्यात औषध १० मिलिग्रॅम, म्हणून ४ मिलिग्रॅमच्या डोससाठी ५० मिलिग्रॅम पूड, हे त्याने काट्याच्या डबीवर लिहून ठेवलं होतं.

नव्या कंपनीची गोळी भरली २०० मिलिग्रॅम. औषध तेच १० मिलिग्रॅम, बाकी भरणी जास्त. त्याने सवयीने ५० तोलले असते तर पोटात गेले असते २.५ मिलिग्रॅम. एका रात्रीत डोस ४ वरून २.५, आणि काट्यावर आकडा मात्र रोजचाच. त्याला ८० मिलिग्रॅम पूड लागणार होती. हिशेब साधा आहे: हवा असलेला डोस गुणिले अख्ख्या गोळीचं वजन, भागिले गोळीवर छापलेला डोस. नवी स्ट्रिप आली की आधी दहा गोळ्या एकेक तोलून सरासरी काढा आणि जुना आकडा डबीवरून पुसून टाका. नुसती मनात दुरुस्ती करून चालत नाही, सकाळी झोपेत हात जुन्या आकड्याकडेच जातो.

कॅप्सूलमधले दाणे मोजणाऱ्यांनाही हेच लागू. व्हेन्लाफॅक्सिनच्या एका कंपनीच्या कॅप्सूलमध्ये बारीक दाणे शेकड्यांनी असतात, दुसरीच्या कॅप्सूलमध्ये चार-सहा छोट्या गोळ्याच निघतात. "रोज २० दाणे कमी" हा हिशेब कंपनी बदलली की रद्द. दाणे चावू किंवा कुटू नका, त्यांच्या कोटिंगमुळेच औषध हळूहळू सुटतं. त्याच कारणाने सीआर, एक्सआर गोळ्या तोडायच्या नाहीत.

साधी गोळी अर्धी करत असाल तर नव्या गोळीवर मधली रेघ आहे का बघा. नसेल तर अर्धे भाग सारखे होतीलच असं नाही, आणि काही कंपन्यांच्या गोळ्या सुरी लावताच चुरा होतात. ५ मिलिग्रॅमची वेगळी गोळी मिळत असेल तर १० ची तोडण्यापेक्षा ती बरी. मुंबईच्या दमट हवेत, जून ते सप्टेंबर तर नक्कीच, तोडलेला अर्धा तुकडा उघडा राहिला की ओलसर होतो. एका वेळी एकच गोळी तोडा, उरलेला अर्धा झाकणाच्या कोरड्या डबीत ठेवून दुसऱ्या दिवशी संपवा. डबी स्वयंपाकघरात किंवा बाथरूमच्या कपाटात नको.

त्रास सोडण्याचा की आजाराचा

हा प्रश्न तुम्ही एकट्याने सोडवायचा नाही, पण डॉक्टरांना काय सांगायचं ते माहीत हवं. बदलानंतर काही दिवसांतच सुरू झालेला, आणि मूळ आजारात कधीच नसलेला त्रास, जसे डोक्यातले झटके, चक्कर, मळमळ, फ्लूसारखं अंग, भडक स्वप्नं, उगाच डबडबणारे डोळे, हा बहुधा औषध कमी पडल्याचा असतो. लाटेसारखा येतो, ओसरतो. आजार परतायचा असेल तर तो साधारणपणे आठवड्या-महिन्यांत हळूहळू चढतो आणि त्याचा चेहरा ओळखीचा असतो. दोन्हींत चिंता आणि निद्रानाश असू शकतात, म्हणून गोंधळ होतो. माझ्या बाबतीत डॉक्टरांनी मला ७.५ वर परत नेलं आणि चारपाच दिवसांत झटके थांबले. त्यावरून त्यांना अंदाज आला. परत वर जाणं म्हणजे हरणं, असं मला तेव्हा वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "जिना उतरताना एक पायरी निसटली, तर वरच्या पायरीवर उभं राहूनच तोल सावरायचा."

काही गोष्टींसाठी मात्र भेटीची वेळ घेत बसू नका. फिट, भ्रम, नसलेलं दिसणं-ऐकू येणं, तापाबरोबर अंग ताठरणं, किंवा जगावंसंच न वाटणं, स्वतःला इजा करण्याचे विचार येणं. जवळच्या कॅज्युअल्टीला जा, स्ट्रिप बरोबर न्या, एकट्याने जाऊ नका. मनाची अवस्था बिघडली असेल तर टेली मानसचा १४४१६ हा सरकारी, मोफत नंबर चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. घरच्या एका माणसाला हे आधीच सांगून ठेवा.

फिटसाठी औषध चालू असणाऱ्यांनी कंपनी बदल न्यूरॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय करूच नये. ब्रिटनच्या औषध नियामकाने २०१३ मध्येच फेनिटॉइन, कार्बामॅझेपिनसारख्या औषधांसाठी एकाच कंपनीवर राहण्याचा सल्ला दिला होता.

तीच कंपनी मिळवत राहण्यासाठी

डॉक्टरांकडून चिठ्ठीवर घटक, ब्रँड आणि बनवणारी कंपनी, तिन्ही लिहून घ्या. डोस कमी करण्याचा पुढचा टप्पा सुरू करण्याआधी त्या टप्प्याला पुरतील आणि वर दोन-तीन आठवडे उरतील इतक्या गोळ्या, शक्य असेल तर एकाच बॅचच्या, घरात असू द्या. अल्प्राझोलाम, डायझेपामसारख्या शेड्युल एच१ औषधांची केमिस्टला वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद करून ती तीन वर्षं जपावी लागते, त्यामुळे ती जास्त मिळणार नाहीत. तिथे भेटीची तारीख स्ट्रिप संपण्याच्या आठवडाभर आधीची घ्या.

गल्लीत मिळालं नाही तर मोठ्या रुग्णालयांसमोरची दुकानं बघा, परळ आणि सायनला चिठ्ठी दाखवून चारपाच ठिकाणी विचारता येतं. प्रिन्सेस स्ट्रीटचा औषधबाजार मुख्यतः घाऊक आहे. स्वतः जाण्यापेक्षा आपल्या केमिस्टला तिथून मागवायला सांगा. ॲपवरून मागवत असाल तर "पर्यायी औषध चालेल" ही खूण काढून टाका, आणि पार्सल आल्यावर डिलिव्हरीवाल्यासमोरच स्ट्रिप उलटून बघा.

शेवटची रिकामी स्ट्रिप फेकू नका, वहीच्या पानाला पिनने लावा. कंपनी बदलल्यावर खरंच त्रास झाला असेल तर ती नोंदवा. भारतीय औषध सुरक्षा कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा मोफत नंबर आहे, रुग्णाने स्वतः भरायचा फॉर्म मराठीतही मिळतो, आणि परळच्या केईएममध्ये अशा नोंदी घेणारं केंद्र आहे. ते विचारतात त्या पहिल्या गोष्टींत बनवणारा आणि बॅच क्रमांक असतो. गोळ्या चुरा झालेल्या, डागाळलेल्या निघाल्या तर ती गुणवत्तेची तक्रार, ती राज्याच्या एफडीएकडे (अन्न व औषध प्रशासनाकडे), वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कार्यालयात.

मी आता २.५ वर आहे. परवा मेडिकलवाल्याने फोन केला, "ताई, तुमची कंपनी पुढच्या महिन्यात परत शॉर्ट होणार म्हणतात, तीन स्ट्रिप बाजूला ठेवू?" मी बॅच क्रमांक विचारला. त्याने दुकानातून वाचून दाखवला, मी वहीशी ताडून पाहिला, आणि ठेवायला सांगितल्या.